चकाकी खरं बोलते का?

घरी रंगवलेल्या गाडीचा रंग वाळला की संत्र्याच्या सालीसारखा दिसतो. त्यावर १५००, मग २००० नंबरचा पॉलिशपेपर पाणी मारत फिरवायचा, नंतर रबिंग कंपाउंड, शेवटी पॉलिश. यात वरून काही चढत नाही, रंगच घासला जातो. ओरखडे पुसले जात नाहीत; त्यांची खोली प्रकाशाच्या तरंगलांबीहून, म्हणजे ०.४ ते ०.७ मायक्रॉनहून कमी होते, म्हणून प्रकाश विखुरत नाही.

तेव्हा चकाकी खरीच. पण ती फक्त पृष्ठभागाबद्दल सांगते. खाली किती थर उरलाय, याबद्दल ती गप्प असते, आणि जितकं घासावं तितका तो कमीच होतो.

आम्ही अशी चकचकीत केलेली गाडी भाऊ विकायला निघालाय. त्याचं म्हणणं, "जुनी गाडी घेणारा डोळे उघडे ठेवूनच येतो. आपण कशाला सांगायचं?" मला हे पटत नाही. थराची जाडी डोळ्यांना दिसतच नाही. घेणारा चकाकीवरून तिचा अंदाज बांधणार, आणि तो चुकतोय हे मला माहीत असणार. माहीत असून त्याच्या चुकीची किंमत वसूल करणं, याला मी फसवणूकच म्हणेन, मग तोंडातून एकही खोटा शब्द न का निघेना.