हिशेब आणि खेळ



दिवसभर पतपेढीत हिशेब लिहून रात्री संगणकावर नवे खेळ रचणाऱ्या तरुणाला आपण विचारतो, "यातून पोट भरेल का?"

आपल्याच जिल्ह्यात, देवळालीला, द. रा. कापरेकर १९३० ते १९६२ पर्यंत शाळेत शिकवत. उरलेल्या वेळी ते आकड्यांशी खेळत. अनेकांनी ते क्षुल्लक मानले. १९४९ साली त्यांना गवसलेली ६१७४ ही संख्या आज जगभर 'कापरेकर स्थिरांक' म्हणून ओळखली जाते.

संत पौलही करिंथमध्ये तंबू शिवीत व शब्बाथाला सुवार्ता सांगत (प्रे. कृत्ये १८:३-४).

नोकरीने घर चालते. देवाचे दान मात्र जमिनीत पुरून ठेवू नये. तरुणांनो, रात्रीच्या त्या तासांत घरच्यांचाही वाटा आहे. पालकांनो, एकदा मुलाचा खेळ खेळून तर पाहा!

प्रभू आपणा सर्वांस आशीर्वाद देवो.