फुलदाणीतलं फूल आणि आसक्ती

आजचा श्लोक : गीता, अध्याय ९, श्लोक २६. पान, फूल, फळ, पाणी. भगवंताला एवढंच पुरतं, फक्त ते भक्तीने दिलेलं हवं.

देवाला वाहिलेलं फूल दुसऱ्या दिवशी निर्माल्य होतं, आपण ते सहज काढतो. पण देवघराजवळच्या फुलदाणीतला गुलाब आठवडाभर टिकावा म्हणून केवढी धडपड! ही आसक्तीच ना? मुघलकाळात ज्याला गुलशनाबाद म्हणायचे त्या नाशिकमध्ये हा प्रश्न पडणारच.

मला ती आसक्ती वाटत नाही. देठ कापला की मुळाचं पाणी तुटतं. कापलेल्या तोंडाशी हवा अडकते, मग पाण्यातले जंतू देठातल्या बारीक नळ्या बुजवतात. म्हणून देठ पाण्यात बुडवूनच दोनेक सेंटीमीटर तिरका कापायचा, पाण्यात बुडणारी पानं काढायची, पाणी रोज बदलायचं. आणि फुलदाणी केळ्यांपासून लांब! पिकत्या केळ्यातून इथिलीन वायू निघतो, त्याने कार्नेशन तर फार लवकर कोमेजतं. (नैवेद्याच्या फळांशेजारीच फुलदाणी ठेवणाऱ्यांनो, बघा बरं.)

एवढं करूनही फूल जाणारच, हे माहीत असतं. तरी करायचं, कारण तोडलं आपण; त्याचे उरलेले दिवस आपल्या हातात आहेत. आसक्ती येते ती नंतर. पाकळ्या काळवंडल्या, पाण्याला वास आला, तरी आपण म्हणतो, 'अजून एक दिवस राहू दे.' तेव्हा मात्र त्यालाही निर्माल्यासारखंच उचला. गोदेत नको, कुंडीतल्या मातीत.