मनाची कडी

आजचं चिंतन एका शब्दावर: कायावाचामने. आपण तो रोज म्हणतो. पण मन आणि वाचा वेगवेगळी का मोजली असतील, हा प्रश्न मला एक प्रयोग वाचताना पडला.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ऑगस्ट २०२५मध्ये तो प्रसिद्ध केला. आजारामुळे बोलणं जवळजवळ गेलेली ४ माणसं. त्यांच्या मेंदूत, हालचाली घडवणाऱ्या भागात, बारीक इलेक्ट्रोड बसवलेले. बोलायचा प्रयत्न केला की तिथे उठणारे संकेत ओळखून संगणक शब्द उमटवतो, हे आधीच जमलं होतं. या वेळी वाक्य नुसतं मनात म्हणायचं होतं. तरी अचूकता ७४ टक्क्यांपर्यंत गेली!

पुढचं वाचून मात्र मी थबकलो. कुणी सांगितलेलं नसताना मनात मोजलेले आकडेही यंत्राला थोडेफार कळले. म्हणून मग त्यांनी कडी बसवली: ठरलेले परवलीचे शब्द आधी मनात म्हणायचे, तरच यंत्र ऐकणार.

माझी आजी पक्षाघातानंतर ७ महिने बोलली नाही. तिच्या मनात काय आहे ते एकदा कळू दे, एवढंच मी मागायचो. असं यंत्र तेव्हा मिळालं असतं तर घर गहाण टाकलं असतं.

पण एका रात्री २ वाजता तिची चादर बदलताना माझ्या मनात आलं, 'आता सुटली तर बरं.' तोंडाने म्हणालो, "झालंच हं आजी, थांब." ते यंत्र माझ्या डोक्याला असतं तर? तिने काय ऐकलं असतं?

कितीतरी दिवस मला वाटायचं, मनातलं तेच खरं आणि बोललो ते नाटक. आता तसं वाटत नाही. तो विचार न बोलावता आला होता. शब्द मात्र मी निवडला होता, आणि चादरही मीच बदलली.

मग मन मळकं ठेवलं तरी चालेल का? नाही. पण ते धुवायचं काम ज्याचं त्याने आतून करायचं असतं. जप करताना माझे अर्धे मणी ऑफिसच्या मेलमध्ये जातात. देवाला ते कळतं, पण तो कुणाला सांगत नाही. म्हणून तर उद्या पुन्हा माळ हातात घ्यायचा धीर होतो.

चिली देशाने २०२१मध्ये मेंदूतल्या माहितीच्या रक्षणासाठी राज्यघटनाच दुरुस्त केली. मला ते पटतं. यंत्र यावं, आजीसारख्यांसाठी लवकर यावं. कडी मात्र आजीच्याच हातात हवी.

आज एवढंच करून बघा: मनात आलेला एक कडवट शब्द ओठांपाशी थांबवा, आणि त्याच्या जागी कोणता निवडलात ते रात्री आठवा.