काळाच्या पलीकडचा घरजावई

शार्ल पेरो या फ्रेंच लेखकाने १६९७ साली छापलेल्या परीकथांमध्ये शंभर वर्षं झोपलेल्या राजकन्येची गोष्ट आहे. ती सगळ्यांना ठाऊक आहे असं आपण धरून चालतो, पण तिच्यातली एक बारीक जागा सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही. राजपुत्र येतो, पलंगाशी गुडघे टेकतो (चुंबन पेरोकडे नाही, ते ग्रिमबंधूंच्या जर्मन गोष्टीतलं), राजकन्या जागी होते आणि चार तास बोलूनही दोघांचं निम्मं बोलणं उरतं. राजपुत्राच्या ध्यानात येतं, की हिचा पोशाख आपल्या आजीच्या काळचा आहे. तसली उंच उभी कॉलर आता कोणी घालत नाही. पण तो ते बोलून दाखवत नाही. जेवणाच्या वेळी वाड्यातले वादक शंभर वर्षांत कोणी न वाजवलेल्या जुन्या चिजा वाजवतात, त्या चांगल्याही वाटतात. एका शतकाचं अंतर पेरोने एवढ्यात आटोपलं आहे. राजपुत्राच्या सभ्यपणामुळे राजकन्येला ते अंतर कळतच नाही, आणि लगेच त्याच रात्री लग्न लागतं.

परीकथेच्या चौकटीत दोन वेगवेगळ्या काळांतली माणसं एकत्र आणणाऱ्या प्रेमकादंबऱ्या गेल्या काही दशकांत इंग्रजीत बऱ्याच आल्या. त्यांच्यावर वाचक जे बोलतात, त्यातली बरीचशी मतं ठरावीक असतात: नायक बावळट आहे, नायिका फार तोऱ्यात वागते, प्रेम जमायला अर्धं पुस्तक जातं, पहिला भाग आवडला पण दुसरा नाही, किंवा याच्या नेमकं उलट. वरवर पाहता या आवडीनिवडीच्या गोष्टी आहेत. मला मात्र त्यांच्यामागे एकच प्रश्न दिसतो. दोन काळांतलं अंतर मिटवण्याची किंमत कोणी मोजायची? ती ज्याने मोजावी अशी वाचकाची सवयीची अपेक्षा असते, त्याच्याऐवजी दुसऱ्यानेच मोजली, की वाचक कुरकुरतो. पेरोच्या त्या कॉलरपासून हा हिशेब चालत आला आहे.

या गोष्टीचा इतिहास म्हणजे हे अंतर हळूहळू पुसून टाकण्याचा इतिहास आहे. पेरोच्याही आधी, १६३४ ते १६३६ या काळात, जाम्बातिस्ता बाझिलेची नेपल्सच्या बोलीतली कथा छापली गेली. तिच्यातल्या तालियावर ती झोपेत असतानाच एक विवाहित राजा बळजबरी करतो, तिला जुळी मुलं होतात, आणि एका मुलाने बोट चोखताना रुतलेली कुसळ निघते तेव्हा कुठे ती जागी होते. पेरोने हा प्रकार काढून टाकला, पण एक खरं दुःख राहू दिलं. त्याच्या गोष्टीत परी नोकरचाकर, घोडे, राजकन्येची छोटी कुत्री अशा सगळ्यांना झोपवते, राजाराणीला तेवढं झोपवत नाही. ते मुलीचा मुका घेऊन वाड्याबाहेर पडतात. म्हणजे जागी होणारी राजकन्या पोरकी आहे. ग्रिमबंधूंनी १८१२ साली तेही पुसलं. त्यांच्याकडे आईबापही झोपतात, भिंतीवरच्या माश्याही झोपतात, आणि पोऱ्याला मारण्यासाठी उगारलेला आचाऱ्याचा हात शंभर वर्षांनी त्याच्या गालावर बसतो. गोष्ट म्हणून ही थप्पड झकासच आहे. पण एक शतक गेलं आणि कोणाचं काहीच गेलं नाही, हेही तिनेच ठरवून टाकलं. १९५९ सालच्या डिस्नेच्या चित्रपटाने तर कमाल केली. तिथे शंभर वर्षं ही नुसती धमकी आहे. राजपुत्राला म्हातारा होईपर्यंत कोंडून ठेवीन, असं दुष्ट मॅलेफिसंट म्हणते. प्रत्यक्षात राजकन्येची झोप जेमतेम रात्रभराची. प्रेक्षक खूश होऊन घरी गेले यात नवल नाही.

याच प्रश्नाला आपल्या पुराणांनी फार रोखठोक उत्तर दिलं आहे. विष्णुपुराणात आणि भागवतात ककुद्मी राजाची कथा येते. मुलगी रेवती हिच्यासाठी वर कोण, हे विचारायला तो तिला घेऊन ब्रह्मदेवाकडे जातो. तिथे गंधर्वांचं गाणं चालू असतं, ते संपेपर्यंत तो थांबतो. गाणं संपल्यावर ब्रह्मदेव हसून सांगतो, की तू मनात धरलेले वर कधीच गेले, त्यांची नातवंडं-पतवंडंही गेली. भागवताच्या हिशेबाने मधे सत्तावीस चतुर्युगं उलटली. परत येऊन पाहतात तर आपल्या राजधानीच्या, कुशस्थळीच्या, जागी द्वारका उभी. रेवतीचं लग्न बलरामाशी लागतं, पण ती आधीच्या युगातली, म्हणून नव्या युगातल्या माणसांपेक्षा फार उंच. विष्णुपुराण सांगतं, की बलरामाने नांगराच्या टोकाने तिला ओढून चारचौघींएवढी केली. तिला काय वाटलं, ते पुराणकार सांगत नाहीत. काळ ओलांडून आलेल्या वधूला नव्या घराच्या मापात बसवण्याचं याहून उघड चित्र माझ्या पाहण्यात नाही, आणि मराठी वाचकाला ते परकं वाटण्याचं कारणही नाही. सासरी आलेल्या मुलीची बोली, स्वयंपाकाची चव, उठण्याची वेळ आणि कधीकधी नावसुद्धा बदलणारा नांगर इथे घरोघर होता.

पुरुषांचं काय होतं, तेही पाहावं. जपानी लोककथेतला उराशिमा तारो समुद्राखालच्या राजकन्येकडे थोडे दिवस राहून परततो, तर गावात पिढ्या उलटलेल्या असतात. न उघडण्याच्या अटीवर मिळालेली पेटी तो उघडतो आणि तिथल्या तिथे म्हातारा होतो. आयर्लंडचा ओशीन परीलोकात राहून तीनशे वर्षांनी मायदेशी येतो, घोड्यावरून पडतो, आणि पाय मातीला लागताच त्याचं वय त्याला गाठतं. पुरुषाने काळ ओलांडला तर शोकांतिका होते, बाईने ओलांडला तर लग्न. बाईचं तारुण्य गोष्टीला हवं असतं म्हणून ते राखलं जातं. तिची बाकीची दुनिया गेली तर गेली.

अमेरिकन लेखक ऑर्सन स्कॉट कार्ड याची १९९९ सालची ‘एन्चांटमेंट’ ही कादंबरी या पार्श्वभूमीवर वाचावी. (लेखकाने समलिंगी विवाहाला जाहीर विरोध केला म्हणून त्याची पुस्तकं हातात न घेणारे वाचक आहेत. तो त्यांचा हक्क आहे. इथे मी कादंबरीपुरतं बोलतो.) सोव्हिएत काळात युक्रेनमध्ये वाढणारा दहा वर्षांचा इव्हान जंगलात पानांच्या ढिगाआड झोपलेली एक बाई पाहतो आणि घाबरून पळतो. त्याचं ज्यू कुटुंब अमेरिकेला जातं. पुढे जुन्या स्लाव्ह भाषांचा अभ्यासक होऊन तो परत येतो, राखण करणाऱ्या अस्वलाला चुकवून तिच्यापर्यंत पोचतो आणि चुंबन घेऊन तिला जागी करतो. अस्वल दोघांच्याही जिवावर उठलेलं असल्यामुळे तिथल्या तिथे लग्नाची मागणी घालण्यावाचून गत्यंतर राहत नाही. ही कातेरिना ताइना नावाच्या कल्पित राज्याची राजकन्या, नवव्या शतकाच्या अखेरची. राज्यावर डोळा ठेवून बसलेली चेटकीण म्हणजे रशियन लोककथांतली बाबा यागा. इथपर्यंत सगळं ओळखीचं. पुढे मात्र कार्ड एक उलटापालट करतो. राजकन्येला आपल्या काळात आणण्याऐवजी राजपुत्रच तिच्या काळात जातो.

जातो तोही उघडानागडा. दोन काळांमधला पूल ओलांडताना अंगावरचे विसाव्या शतकातले कपडे नाहीसे होतात. अंग झाकायला मिळतं ते तिचंच वस्त्र, आणि पुरुषाने बाईचं वस्त्र नेसणं ताइनात पाप. धावण्याउड्यांच्या शर्यतींत कसलेलं त्याचं शरीर तिथल्या लोकांना पोरसवदा वाटतं, कारण तलवार पेलण्याइतके दंड त्याच्याकडे नाहीत. सैनिक हसतात. त्यांच्यात स्वतःला कातेरिनाचा वर समजणारा दिमित्री आहे, तो जळतो. भाषा येते, पण ती पोथीतली. धर्म वेगळा, तर बाप्तिस्मा घ्यायला हवा. राज्याला वारस हवा एवढ्याचसाठी कातेरिना त्याला पत्करते आणि तो तिच्या बापाच्या घरी राहतो. थोडक्यात, परीकथेतला राजपुत्र घरजावई झाला आहे. घरजावयाला आपल्याकडे जी टोमण्यांची शिदोरी मिळते, ती सगळी त्याला मिळते.

आता वाचकांच्या तक्रारीकडे येऊ. हा नायक नेभळट वाटतो, असं म्हणणारा वाचक अशा किती नायिकांबद्दल तसं म्हणतो? राजवाड्यात आलेली शेतकऱ्याची पोर गोंधळली, तिला तिथली रीत कळली नाही, दासींनी तोंड लपवून हसून घेतलं, तर तिला आपण गोड म्हणतो. तेच पुरुषाच्या वाट्याला आलं की ते पात्राच्या घडणीतली खोट ठरतं. कातेरिनाच्या तोऱ्याबद्दलही तेच. आपल्या राज्याची चिंता करणारी, अनोळखी माणसाला जोखून घेणारी बाई एखादा राजा वागला असता तशीच वागते. पेरोची राजकन्या डोळे उघडताच राजपुत्राला प्रेमाने म्हणते, किती वाट पाहायला लावलीत! त्या तयार स्वागताची सवय लागलेल्या वाचकाला कातेरिनाचा थंडपणा टोचतो. या कादंबरीतली सगळ्यात प्रामाणिक गोष्ट म्हणजे तो थंडपणा.

यावर कोणी म्हणेल, परीकथा वाचणारा माणूस चार घटका सुखाच्या म्हणून ती वाचतो. त्याला समाजशास्त्र कशाला? ओढून ताणून काढलेले अर्थ वाचनाची मजा घालवतात, हे खरंच. पण इथली मजाच त्या अवघडलेपणात आहे. दुसऱ्या काळातलं माणूस काय खातं, कशाची लाज धरतं, कशाला देव मानतं हे वाचायचं नसेल, तर काळ ओलांडायचा कशाला? मग एकाच काळातल्या दोन शेजाऱ्यांची प्रेमकथा पुरेशी आहे. प्रेमाला उशीर लागतो ही तक्रारही इथेच निकालात निघते. लग्न आधी, ओळख नंतर, आणि त्यानंतर कधीतरी प्रेम, हा क्रम अमेरिकन वाचकाला विचित्र वाटत असेल. पाहून ठरवलेल्या लग्नांच्या समाजात वाढलेल्या वाचकाला कळतं, की या ‘उशिरात’ खूप काही घडत असतं. इव्हान आणि कातेरिना यांच्यावर लग्न सारखंच लादलेलं आहे, त्यामुळे कोणी कोणावर उपकार केल्याचा सूर त्यात नाही. झोपलेल्या बाईच्या संमतीचा प्रश्न मात्र यातून पूर्ण सुटत नाही. अस्वलाने दोघांना धाक घातला म्हणून आधीचं चुंबन निर्दोष ठरत नाही, आणि त्यावर बोट ठेवणाऱ्या वाचकांशी वाद घालण्यासारखं काही नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. मार्क ट्वेनने १८८९ साली आर्थर राजाच्या दरबारात एक कनेक्टिकटचा कारागीर नेऊन बसवला. तो बारूद, तारायंत्र आणि कारखाने घेऊन मध्ययुग सुधारायला निघतो आणि प्रेतांचा खच पाडून थांबतो. कार्डचा इव्हानही शेवटी आधुनिक युक्त्या घेऊन ताइनाला वाचवायला निघतो; मग घरजावयाची सगळी नामुष्की म्हणजे अमेरिकन तारणहाराच्या आगमनाची पूर्वतयारी नाही का? काही अंशी आहे. शेवटचा तिसरा भाग मला याच कारणाने सगळ्यात कच्चा वाटतो, आणि ट्वेनला जी भीती वाटली ती कार्डला वाटलेली दिसत नाही. पण मधला भाग विसरून चालणार नाही. तिथे कातेरिना विसाव्या शतकातल्या अमेरिकेत येते, तीही निर्वस्त्रच, आणि आता अडखळण्याची पाळी तिची. विमान, रस्ते, घरं हे सगळं ती पाहते. पण तिला सर्वांत मोलाचं सापडतं ते इव्हानच्या आईकडे, कारण त्या बाईला जादूटोण्याचं जुनं ज्ञान आहे आणि दोघी एकमेकींना ओळखतात. ज्याला आपण मागासलेपण म्हणू, ते इथे सासूकडून सुनेला मिळणारं शस्त्र होतं. पेरोच्या गोष्टीच्या उत्तरार्धात सासू राक्षसीण असते आणि तिला नातवंडं खायची असतात. ग्रिमबंधूंनी हा भाग गाळला. कार्डने सासूला परत आणलं आणि सुनेच्या बाजूला उभं केलं. या बदलावर वाचक कमी बोलतात, याचं आश्चर्य वाटतं.

इतिहासाच्या चुका काढणाऱ्यांबद्दल थोडक्यात. ताइना कुठल्याच नकाशावर नाही, त्यामुळे तिथली लढाई अशी झाली असती का, हा वाद फोल आहे. कीव्हच्या राज्याने ख्रिस्ती धर्म ९८८ साली स्वीकारला. त्याआधी शतकभर एखादं लहानसं ख्रिस्ती राज्य कल्पिणं कादंबरीकाराला माफ असावं. युक्रेनच्या जंगलातली गोष्ट ‘रशियन परीकथा’ या नावाखाली सहज खपून जाते, ही मात्र १९९९ साली न खटकलेली गोष्ट २०२२ साली रशियाने युक्रेनवर केलेल्या आक्रमणानंतरच्या वाचकाला खटकते, आणि ते रास्त आहे.

शेवट गोड आहे. दोघं ताइनात संसार करतात, मुलं होतात, पूल खुला राहतो, आणि आपल्या काळातल्या आईवडिलांकडेही येणंजाणं राहतं. माहेर तुटत नाही, सासर सुटत नाही. ज्या वाचकांना हे फार सोयीचं वाटतं, त्यांच्या बाजूने मी आहे. ओशीनचा पाय मातीला लागला तर त्याला परत जाता येत नव्हतं. इथे सुट्टीत जाऊन येता येतं. अर्धं पुस्तक अंतराची किंमत इतक्या नेकीने मोजणारा लेखक शेवटी बिल दुसऱ्याच कोणाच्या तरी नावावर टाकतो, आणि ते नाव रूथ आहे. अमेरिकेत इव्हानशी लग्न ठरलेली ही मुलगी. तो संशोधनाला म्हणून जातो आणि बायको घेऊन परततो. तिने केलेला संताप सर्वस्वी न्याय्य आहे, पण कार्ड तिला बाबा यागाच्या हातचं बाहुलं करतो, म्हणजे तिच्या रागाची वाचकाने दखल घेण्याचं कारण उरत नाही. तिने काळ ओलांडला नव्हता, कोणाचं राज्य मागितलं नव्हतं, शापही दिला नव्हता. तिच्याबद्दल लिहिणारे वाचक बहुधा एवढंच लिहितात, की हे पात्र नसतं तरी चाललं असतं.