बंदुका थांबल्या तेव्हा

अल्फोन्सो क्वारोन यांचा ‘चिल्ड्रन ऑफ मेन’ हा चित्रपट २००६ साली आला. त्यातलं ब्रिटन २०२७ सालचं आहे. १८ वर्षांत जगात कुठेही मूल जन्मलेलं नाही, शाळा ओस पडल्या आहेत. मागे कुणी उरणारच नसेल तर जपायचं कुणासाठी, या विचाराने माणसं आतून पोखरली गेली आहेत. या निराशेला सरकारने एक शत्रू पुरवला आहे : आसऱ्याला आलेले परके लोक. रेल्वेच्या फलाटावर त्यांना पिंजऱ्यांत कोंडलं आहे. नायक थिओ त्यांच्या शेजारून मुकाट निघून जातो. तो क्रूर नाही. त्याला सवय झाली आहे.

हा चित्रपट पी. डी. जेम्स यांच्या १९९२ सालच्या कादंबरीवर बेतलेला आहे. कादंबरीतलं शासन सुदृढ स्त्रियांची सक्तीने तपासणी करतं. व्यंग असलेल्यांना त्यातून वगळतं, कारण त्यांची संतती त्याला नकोच असते. आणि दिवस जातात ते ज्युलियनला, जिचा एक हात अधू आहे. क्वारोन यांनी कथानक पुष्कळ बदललं, पण हे मर्म जपलं. पडद्यावर आई होते ती एक आफ्रिकी निर्वासित मुलगी. समाजाने ज्यांना हिशेबातच धरलं नव्हतं, त्यांच्याच पोटी त्याचा उद्या वाढत होता.

निर्वासितांच्या छावणीत लढाई पेटलेली असताना ती तान्ह्या बाळाला घेऊन जिना उतरते. बाळाचं रडणं ऐकून लोक हात पुढे करतात. सैनिक बंदुका खाली घेतात, बाजूला होऊन वाट देतात, कुणी छातीवर क्रूसाची खूण करतो. ती पुढे जाते, एक स्फोट होतो आणि पुन्हा गोळ्या सुटतात.

या प्रसंगाने मन भरून येतं, आणि लगेच एक प्रश्न टोचतो. तिच्या हातात बाळ नसतं, तर तिला वाट मिळाली असती का? त्याच इमारतीत अडकलेल्या बाकीच्यांना ती मिळाली नाही. तीही कुणाची तरी लेकरंच होती. चमत्कारापुढे हात जोडणं सोपं असतं. ज्याच्यापाशी दाखवायला कुठलाही चमत्कार नाही, त्याला माणूस म्हणून वागवणं, ही खरी कसोटी. माणसाची किंमत तो आपल्या किती उपयोगी पडतो यावर ठरू लागली, की पिंजरे उभे राहायला वेळ लागत नाही. त्यासाठी दुष्टांची फौज लागत नाही, नजर चुकवून पुढे जाणारे भले लोक पुरतात.

आज घराबाहेर पडाल तेव्हा ज्याच्याकडे न पाहण्याची सवय झाली आहे, त्याच्याकडे पाहा. त्याचं नाव विचारा. त्याच्या वतीने बोलायची वेळ आली, तर गप्प राहू नका.