राक्षसाला आई असते का?



गेल्या महिन्यात एका रविवारी मिस्सा आटोपली, धर्मशिक्षणाचा वर्ग सुटला आणि मुले चर्चच्या अंगणात लढाई लढाई खेळू लागली. आदल्या रात्री कुणाच्या तरी घरी ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ हा सिनेमा पाहणे झाले होते. राजा ठरला, जादूगार ठरला, पण ऑर्क व्हायला कुणी तयार होईना. ऑर्क म्हणजे त्या सिनेमातले दात विचकणारे राक्षसी सैन्य. शेवटी मोठ्यांपैकी एक जण म्हणाला, “बेकरीवाल्याच्या पोराला घ्या की, तो कसाब!” सगळी हसली. खरे सांगायचे तर मीही हसलो. तो मुलगाही हसला, पण थोड्या वेळाने पाहतो तर तो अंगणात नव्हता. तेवढ्यात एका लहान मुलीने मला विचारले, “फादर, ऑर्कला आई असते का?”

मला उत्तर देता आले नाही. सेमिनरीत तीन वर्षे तत्त्वज्ञान शिकूनही!

गंमत अशी, की हा प्रश्न ज्याने ऑर्क निर्माण केले त्या लेखकालाही सुटला नव्हता. टोल्किन हे निष्ठावंत कॅथलिक होते. पहिल्या महायुद्धात १९१६ साली सोमच्या लढाईत ते स्वतः होते आणि त्या युद्धात त्यांनी जिवलग मित्र गमावले. आपली कथा म्हणजे अमुक एका युद्धाचे रूपक नव्हे, असे ते बजावून सांगत. तरी वाचक आपापले शत्रू तिच्यात शोधतातच. पहिला सिनेमा डिसेंबर २००१ मध्ये आला, न्यूयॉर्कचे दोन मनोरे कोसळून जेमतेम तीन महिने झाले होते. दुसऱ्या भागाचे नाव ‘दोन मनोरे’ असल्याने ते बदलावे, अशीही मागणी झाली. पुस्तकाचा तो भाग १९५४ सालचा!

टोल्किन यांची अडचण मात्र वेगळी होती. संत अगस्तीन शिकवतात की वाईटाला स्वतःचे अस्तित्व नाही, ते चांगल्याचे बिघडणे आहे. सैतानाला काही निर्माण करता येत नाही, तो फक्त नासवू शकतो. मग ऑर्क हेही मुळात देवाच्याच निर्मितीचे नासलेले रूप असणार. मग त्यांचे तारण होऊ शकते का? टोल्किन यांनी यावर अनेक वर्षे टिपणे लिहिली, पण शेवटपर्यंत त्यांचे समाधान झाले नाही.

आपल्या मातीतल्या कथा याबाबतीत अधिक समंजस वाटतात. हिंदू बांधवांच्या श्रद्धेविषयी मी आदरानेच लिहितो आहे. कोल्हासुराचा वध झाला, पण मरताना त्याने मागितलेला वर देवीने दिला आणि त्याचे नाव कोल्हापूरला लागले, अशी आख्यायिका आपण सारे ऐकत आलो. बळी तर असुरांचा राजा. तरी दिवाळीत त्याचेच राज्य यावे म्हणून शेतकऱ्याच्या घरी प्रार्थना होते. या कथांतल्या शत्रूला नाव आहे, मागणे आहे. सिनेमातल्या ऑर्कला यातले काही नाही. तो फक्त मारण्यासाठी असतो. आणि तो चेहरा आपण बेकरीतल्या मुलाला चिकटवला.

यावर सुशिक्षित माणसांचा एक तोडगा आहे. त्याला ‘पोलिटिकल करेक्टनेस’ म्हणतात. कुणाच्या धर्माचे नाव घेऊ नये, ‘दहशतवादाला धर्म नसतो’ म्हणावे आणि विषय संपवावा. हेतू चांगला आहे. पण माझे मन त्यात रमत नाही. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईत आलेले दहा जण धर्माचेच नाव घेऊन आले होते. १६६ माणसे गेली. हे सांगायचे टाळले तर आपण मृतांशी खोटे बोलतो. मात्र त्याच वेळी जे घडले तेही सांगावे लागते. मारल्या गेलेल्या नऊ जणांना दफनासाठी जागा द्यायला मुंबईतल्या बडा कब्रस्तानच्या मुस्लिम विश्वस्तांनी नकार दिला. घोषणेपेक्षा ती कृती मोठी होती. ते देह वर्षभर शवागारात राहिले आणि जानेवारी २०१० मध्ये गुप्तपणे पुरले गेले. मृतांना मूठमाती देणे हे ख्रिस्तसभेने दयेचे कृत्य मानले आहे. तरीही त्या विश्वस्तांना दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही. दोन्ही गोष्टी मी मनात तशाच ठेवल्या आहेत. आणि तुकाराम ओंबळे? त्यांनी गोळ्या झेलत कसाबची बंदूक धरून ठेवली, म्हणून तो जिवंत सापडला, त्याच्यावर खटला चालला, आणि २०१२ साली येरवड्यात फाशी झाली ती न्यायालयाच्या निकालाने.

खटल्याविना ठरवलेले राक्षस कसे चुकतात, हे मालेगावने दाखवले. २००६ च्या स्फोटांनंतर तिथलेच मुस्लिम तरुण पकडले गेले. न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले ते २०१६ साली.

आपणही काही यातून सुटलेले नाही. २०१८ च्या नाताळाआधी दोन दिवस, आपल्याच जिल्ह्यात चंदगड तालुक्यातील कोवाड येथे, प्रार्थनेला जमलेल्या ख्रिस्ती लोकांवर तोंडे बांधून आलेल्या टोळक्याने हल्ला केला. त्या लोकांच्या दृष्टीने आपण कोण होतो? आणि ती बातमी ऐकून आपल्यापैकी किती जणांनी त्या रात्री साऱ्या शेजाऱ्यांकडे संशयाने पाहिले?

अशा वेळी मला प्रभूने सांगितलेला चांगल्या शोमरोन्याचा दाखला आठवतो. तीही रचलेलीच कथा, आणि त्या काळच्या चिघळलेल्या वैरावरची. सावध माणसाने ‘एक वाटसरू’ म्हटले असते. प्रभू स्पष्ट ‘शोमरोनी’ म्हणतो. ऐकणाऱ्यांना झोंबावे म्हणूनच म्हणतो. पण लुटारूंनी काय केले ते नीट सांगतो आणि ते कोणत्या जातीचे होते हे सांगत नाही. मी हा उतारा कितीदा वाचला असेन, पण हे माझ्या ध्यानात आले ते त्या रविवारनंतर.

परवा पाव आणायला गेलो तेव्हा मुलाच्या वडिलांना सांगितले, “भाई, त्या दिवशी मीही हसलो.” ते पाव कागदात बांधत म्हणाले, “पोरं हायती फादर, चालायचंच.” मुलगा आत भट्टीपाशी होता, बाहेर आला नाही.

येत्या रविवारी वर्गानंतर खेळ पुन्हा होणार आहे. ऑर्क मी होईन, असे मुलांना सांगितले आहे. बेकरीत बोलवायला त्यांच्यापैकी कोण जाणार, हे अजून ठरलेले नाही.

आपला,
फादर