कुणासाठी कोणती गोळी

झाशी छावनीत काडतुसाचा प्रश्न जुना आहे. १८५७ च्या जूनमध्ये इथे बाराव्या नेटिव्ह इन्फंट्रीचे शिपाई उठले. त्यांच्या उठण्याला कारणे पुष्कळ होती, पण शाळेत आपण सगळ्यांत आधी शिकतो ते चरबीचे काडतूस. त्या वादातला प्रश्न असा होता : काडतुसाला काय लावले आहे? गाईची चरबी की डुकराची? आणि ते दाताने तोडणाऱ्याच्या तोंडात काय जाणार? ते काडतूस उडाल्यावर पुढे कुणाच्या अंगात शिरेल आणि तिथे काय करील, हे त्या वादात कुणी विचारले नाही. विचारण्याचे कारणही नव्हते. शिपायाचा धर्म त्याच्या ओठांशी अडला होता, समोरच्याच्या छातीशी नव्हे.

मला तो न विचारलेला प्रश्न विचारायचा आहे, आणि तो शत्रूविषयी नाही, जनावराविषयी आहे. छावणीची हद्द संपली की बुंदेलखंडाची शेते लागतात. हरभरा, मसूर, मटार, गहू. पौष-माघाच्या रात्री शेतकरी मचाणावर किंवा बांधावर घोंगडी पांघरून जागत बसतो. एका बाजूने मोकाट सोडलेली गुरे येतात, ज्यांना इकडे ‘अन्ना’ म्हणतात. दुसऱ्या बाजूने नीलगाईंचा कळप. अन्ना गुरांवर बंदूक उचलायची नाही हे ठरलेलेच आहे. नीलगाईच्या बाबतीत मात्र कायद्याने एक फट ठेवली आहे : अधिकाऱ्याची लेखी परवानगी घेतली तर पिकाची नासधूस करणारे जनावर मारता येते. विदर्भातल्या वाचकाला हे सांगायला नको. तिथे तिला रोही म्हणतात आणि रानडुकराच्या जोडीने तिचेही नाव अर्जात असते. परवानगी हातात आली की माणूस बंदुकीच्या दुकानात जातो आणि विचारतो, कोणते काडतूस देता? दुकानदार जे शिल्लक असेल ते पुढे करतो. हा प्रश्न तांत्रिक आहे असे दोघेही समजतात. मला तो त्या साऱ्या व्यवहारातला सर्वांत नैतिक क्षण वाटतो.

का, ते सांगण्यासाठी थोडे दूर जावे लागेल, कलकत्त्याजवळच्या डमडमला. योगायोग असा की चरबीच्या काडतुसाची कुजबुज १८५७ च्या जानेवारीत सुरू झाली तीही डमडमलाच. चाळीसेक वर्षांनी त्याच गावच्या कारखान्यातून जगभर बदनाम झालेली दुसरी गोळी निघाली. ब्रिटिश फौजेच्या .३०३ रायफलची गोळी पूर्ण धातूच्या कवचात असे. ती शरीरात शिरे आणि अरुंद भोक पाडून दुसऱ्या बाजूने निघून जाई. १८९५ च्या चित्रालच्या मोहिमेनंतर तक्रारी आल्या की गोळी लागूनही पठाण थांबत नाहीत. तेव्हा कॅप्टन बर्टी-क्ले याने गोळीच्या टोकावरचे कवच काढून आतले शिसे उघडे ठेवले. असे मऊ नाक मांसात शिरताच छत्रीसारखे उलगडते, गोळी रुंद होते, तिचा सारा जोर आतच खर्च होतो. जखम भयंकर होते आणि माणूस पडतो.

१८९९ च्या हेग परिषदेने अशा गोळ्या युद्धात वर्ज्य ठरवल्या. त्यामागचा विचार १८६८ च्या सेंट पीटर्सबर्गच्या घोषणेत आधीच मांडला गेला होता : युद्धाचे रास्त उद्दिष्ट शत्रूचे बळ कमी करणे एवढेच आहे, त्यासाठी सैनिक लढण्यास असमर्थ झाला की पुरे, जे हत्यार वेदना विनाकारण वाढवते किंवा मृत्यू अटळ करते ते या उद्दिष्टाच्या पलीकडे जाते. हेगमध्ये ब्रिटनच्या वतीने सर जॉन आर्डा यांनी डमडम गोळीची बाजू घेतली. सुधारलेला सैनिक जखमी झाला की मागे सरतो, रानटी माणूस मात्र जखमी होऊनही चालून येतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. ‘उपद्रवी’ हा शब्द त्यांनी वापरला नाही. पण ज्याच्या अंगात काय होते याचा हिशेब ठेवायचा नाही, असा एक वर्ग त्यांनी आखला. ब्रिटन त्या घोषणेत १९०७ साली सामील झाले.

आता हे सगळे उलटे करून पाहा. शिकाऱ्याला जनावराचे ‘बळ कमी’ करायचे नसते. जखमी नीलगाय शरण येत नाही, तिला युद्धकैदी म्हणून नेत नाहीत, तिच्यासाठी इस्पितळाचा तंबू नसतो. तिला मारायचेच ठरले असेल, तर सेंट पीटर्सबर्गने जे दोष म्हणून सांगितले, मृत्यू अटळ करणे, तेच इथे एकमेव कर्तव्य उरते. पूर्ण कवचाची ‘सुसंस्कृत’ गोळी तिच्या फुप्फुसातून अरुंद वाट काढून पार होते. ती दोन शेते ओलांडून पळते आणि एखाद्या नाल्यात तासाभराने किंवा दोन दिवसांनी मरते. मऊ नाकाची गोळी योग्य जागी बसली तर ती काही पावलांत कोसळते. म्हणून इंग्लंडच्या १९९१ च्या हरीणविषयक कायद्यात चक्क लिहिले आहे की हरणावर रायफल झाडायची तर गोळी मऊ किंवा पोकळ नाकाचीच हवी, बहुतेक हरणांसाठी रायफलीचा बोअर .२४० इंचाहून कमी नसावा आणि नळीच्या तोंडाशी जोर १,७०० फूट-पौंडांच्या खाली नसावा. एकाच देशात जी गोळी सैनिकासाठी निषिद्ध, ती हरणासाठी सक्तीची. यात ढोंग नाही. क्रौर्य गोळीच्या घडणीत नसते, ती कुणावर आणि कशासाठी झाडली यात असते.

पण एवढ्याने निवड संपत नाही. अमेरिकेत शेतकऱ्याला सतावणारी जनावरे म्हणजे बिळे करणारे ग्राउंडहॉग, प्रेअरी डॉग, फार तर कोयोट. त्यांच्यासाठी .२२३ किंवा .२२-२५० सारख्या रायफलींत ४० ते ५५ ग्रेनच्या, म्हणजे अडीच ते साडेतीन ग्रॅमच्या आसपासच्या, अतिवेगवान आणि ठिसूळ गोळ्या वापरतात. लागताक्षणी त्यांचा चुरा होतो. छोटे जनावर जागच्या जागी संपते आणि गोळी दगडावर आपटून शेजाऱ्याच्या घराकडे उसळण्याचा धोकाही घटतो. हीच गोळी दोनशे किलोच्या नीलगाईच्या खांद्यावर मारली तर वरच्या मांसात फुटून थांबेल आणि जनावर उघडी जखम घेऊन फिरत राहील. गोळी तीच, एकीकडे दया, दुसरीकडे हाल. ‘उपद्रवी’ असे एकच लेबल लावून उंदरापासून नीलगाईपर्यंत सारे एका रांगेत उभे केले की हा फरक दिसेनासा होतो.

आपल्याकडच्या माणसापुढे एवढी निवडही नसते. लष्करी बोअरची रायफल नागरिकाला मिळत नाही. परवाना रायफलीचा असेल तर बहुधा .३१५ असते, नाहीतर बारा बोअरची दुनळी. दोन्हींची काडतुसे पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातून आलेली, बुडावर ‘के.एफ.’ ही अक्षरे. .३१५ मधली मऊ नाकाची गोळी नीलगाईला पुरेशी आहे. बारा बोअरमधली एल.जी. म्हणजे मोजके मोठे छर्रे. पंचवीस मीटरवर ते काम करतात, पन्नासावर पसरतात आणि एखादा पोटात, एखादा मांडीत बसतो. बारीक छर्रे तर जनावराला हाकलण्यासाठी म्हणून मारतात, ‘मरत नाही, नुसते चटके बसतात’ या समजुतीने. ते चटके पुढे किती दिवस पिकतात हे पाहायला कुणी जात नाही.

आणि या उतरंडीच्या तळाशी कायदा स्वतः उभा आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे. ती अपुरी पडते अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक. ठासणीची बंदूक म्हणजे एक बार, मग दारू ओता, गज मारा, टोपी लावा. तेवढ्यात जखमी जनावर दिसेनासे झालेले असते. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे एकच चिंता होती : गावात जोरदार हत्यारे नकोत. ती चिंता खोटी नाही. देशात सर्वाधिक शस्त्रपरवाने असलेल्या राज्यात, जिथे निवडणूक जाहीर झाली की बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात, ती मला पुरती पटते. पण ज्याच्यावर ती झाडायची त्याचा विचार त्या वाक्यात कुठेच नाही, हेही खरे.

वन्यजीव कायद्याची गोष्ट अधिक विचित्र आहे. १९७२ च्या मूळ कायद्यात शिकार कशी करावी याचे एक कलम होते : वाहनातून नाही, विष, स्फोटके, फासे वापरून नाही, मोठ्या शिकारीसाठी रायफलच, आणि छऱ्याची बंदूक वापरायची तर खास परवानगीने, एकसंध गोळी घालूनच. १९९१ मध्ये शिकार बंद झाली आणि ते कलम गाळले गेले. शिकारच नाही तर रीत कशाला? मात्र मारणे थांबले नव्हते. पिकाची नासधूस या कारणाने परवानगी देण्याचे दार उघडे होते, आणि बासष्टाव्या कलमाखाली एखादे जनावर ठरावीक मुलखात ठरावीक काळापुरते उपद्रवी जाहीर करण्याचेही. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने बिहारच्या काही जिल्ह्यांत नीलगाय आणि रानडुक्कर यांच्याबाबत तेच केले. पुढच्या जूनमध्ये मोकामाच्या ताल भागात दोनशेहून अधिक नीलगाई मारल्या गेल्या आणि केंद्रातलेच दोन मंत्री जाहीरपणे भांडले. भांडण मारावे की मारू नये यावर होते. कसे मारावे हा विषय दोघांनाही क्षुद्र वाटला असावा. २०१९ मध्ये त्याच राज्यातल्या वैशाली जिल्ह्यातले एक चित्रण देशभर फिरले : गोळी लागलेली नीलगाय, अजून जिवंत, जेसीबीने खड्ड्यात लोटली जाते आणि वरून माती पडते. त्या ठिकाणी कमी होते ते एक काडतूस. दुसरे.

यावर शेतकरी जे म्हणेल ते मला ऐकू येते. रात्रभर थंडीत मी बसतो, हरभरा माझा जातो, आणि तुम्ही मला गोळीचे नाक शिकवता? त्याचे म्हणणे खोडण्याचा अधिकार मला नाही. ज्याच्या ताटात त्या शेताचे काही येत नाही, त्याने मारूच नका म्हणणे सोपे आहे. तरी एक गोष्ट त्याच्याच बाजूने सांगता येते. परवानगीचा कागद, काडतूस, दुकानाचा हेलपाटा या साऱ्याला कंटाळलेला माणूस कुंपणाच्या तारेत वीज सोडतो. तार परवाना विचारत नाही, जनावरही विचारत नाही. पहाटे तिला शेजाऱ्याचा मुलगाही चिकटू शकतो. बंदूक हातात घेणाऱ्याला निदान पाहावे लागते, अंतर जोखावे लागते, बोट आवरताही येते. हा भार त्याच्यावर टाकण्यात त्याचा अपमान नाही. जो निवडू शकतो त्यालाच आपण काही विचारतो.

आदिपर्वात पांडू हरणाच्या जोडीला बाण मारतो. ते हरीण म्हणजे किंदम ऋषी निघतो. पांडू बचाव करतो की मृगया हा राजाचा अधिकार आहे, अगस्त्यांनीही मृग मारले आहेत. किंदम ते मान्य करतो. हरीण मारलेस म्हणून मी दोष देत नाही, तो म्हणतो. दोष आहे तो कोणत्या क्षणी मारलेस यात. परवानगी आणि पद्धत ही दोन वेगळी खाती आहेत हे इतके स्वच्छ मांडलेले मला दुसरीकडे क्वचितच दिसले. पांडूकडे बासष्टावे कलम होते. शाप तरी लागला.

आता मला सर्वांत अडवणारी गोष्ट. झाशीहून ओरछा जवळच. बेतवेच्या काठच्या छत्र्यांवर गिधाडे घरटी करतात. डायक्लोफिनॅकने देशातली गिधाडे जवळजवळ संपवली. जनावरांसाठीचे ते औषध २००६ मध्ये बंद झाले आणि उरलेली अशा ठिकाणी टिकून आहेत. नीलगाईला जी गोळी दयाळू, तिच्यातले शिसे उलगडताना बारीक कणांनी मांसात विखुरते. ते मांस खाणाऱ्या पक्ष्याला शिसे मारते. कॅलिफोर्नियात कॉन्डॉर गिधाडांसाठी २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी आहे. तिथे तांब्याच्या गोळ्या वापरतात, ज्या उलगडतात पण विखुरत नाहीत. इथल्या दुकानात मी तांब्याची गोळी मागितली तर दुकानदार हसेल. मारलेले जनावर खोल पुरले तर गिधाड वाचेल हे खरे. पण पुरता येते ते समोर पडलेले जनावर. जे छर्रे घेऊन पळाले आणि बेतवेच्या घळीत जाऊन मेले, त्याच्यापर्यंत फावडे पोचत नाही. तिथे आधी गिधाडच पोचते.